अर्धशिशी, शाळा आणि 'नाटकं'

"डोकं दुखतंय" हे वाक्य घरातल्या मोठ्या माणसानं म्हटलं की चहाचं आधण चढतं, पंखा बारीक होतो, टीव्हीचा आवाज कमी होतो. तेच वाक्य तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं म्हटलं, आणि त्यातही परीक्षेच्या तोंडावर, की पहिला प्रश्न येतो, "अभ्यास झालाय का?"

आमच्या घराण्यात हे दुखणं वारशानं चालत आलेलं आहे (आत्या, काका, वाचत असाल तर हसू नका). आजीला होतं, तिच्या दोन मुलींना होतं, मला आठवीपासून आहे आणि आता भाचीला सुरू झालंय. तिच्यामुळेच गेले काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. तिला डॉक्टर बघताहेत, त्यामुळे औषधपाण्याचे सल्ले मी देणार नाही, तो माझा प्रांत नाही. मला कुतूहल होतं ते वेगळं. वयात येणाऱ्या मुलांच्या अर्धशिशीचा आणि त्यांच्या मनाचा, घराचा, शाळेचा संबंध असतो असं आज सगळेच म्हणतात. पण हा संबंध आधी कुणाला दिसला? आणि "मनाशी संबंध आहे" इथून "म्हणजे खरं दुखत नाहीच" इथपर्यंत लोक कसे पोचले? शोधायला गेले तर साडेतीनशे वर्षांची गोष्ट हाती लागली. तीच आज सांगते. जरा लांबण लागेल, पण चालवून घ्या.

सुरुवात आपल्याकडून करू. आपला शब्द किती सरळ आहे बघा. अर्धशिशी, म्हणजे अर्ध्या डोक्याचं दुखणं. संस्कृतात अर्धावभेदक. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोगांमध्ये हा मोजला आहे. अर्ध्या डोक्यात फुटल्यासारख्या, टोचल्यासारख्या वेदना, चक्कर, आणि हे सगळं पंधरवड्यानं, दहा दिवसांनी किंवा अचानक उपटतं, असं तिथलं वर्णन आहे. ज्याला हा त्रास आहे त्याला यात एक शब्दही बदलावासा वाटणार नाही! चरकसंहितेत कारणांची यादी आहे. रूक्ष आहार, आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणं, पूर्वेकडचा वारा, दहिवर, मलमूत्रादी वेग अडवून धरणं, अतिश्रम वगैरे. तिकडे गालेननं वापरलेल्या 'हेमिक्रेनिया' या ग्रीक शब्दाचा अर्थही अर्धी कवटी असाच. तोच शब्द झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'मिग्रेन' झाला आणि इंग्रजीतून आपल्याकडे मायग्रेन म्हणून आला. दोन्हीकडे नाव पडलं ते दुखण्याच्या जागेवरून. रोग्याच्या स्वभावाबद्दल त्यात काही नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १६३१ सालच्या लंडनमध्ये चला. त्या वर्षीच्या डिसेंबरात ॲन फिंच नावाची मुलगी जन्मली. वडील पार्लमेंटातल्या कॉमन्स सभागृहाचे सभापती होते, पण ती जन्मायच्या आठवडाभर आधीच वारले. ॲन बारा वर्षांची होत असताना तिला ताप आला, आणि त्यानंतर डोकेदुखी सुरू झाली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी मरेपर्यंत थांबली नाही. १६५१ मध्ये तिचं लग्न झालं आणि ती लेडी ॲन कॉनवे झाली. पैशाला तोटा नव्हता, त्यामुळे त्या काळातला एकही नामांकित वैद्य बाकी राहिला नाही. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे झाला. पारा पोटात देऊन झाला. कवटीला भोक पाडून घ्यायचं म्हणून १६५६ मध्ये ती पॅरिसला गेली. तिथल्या शल्यवैद्यांनी ते करायला नकार दिला (देव त्यांचं भलं करो) आणि त्याऐवजी रक्तवाहिनी उघडून रक्त काढलं. १६६६ मध्ये नुसत्या हात फिरवण्यानं रोग बरे करतो अशी ख्याती असलेला व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स नावाचा एक आयरिश गृहस्थ खास तिच्यासाठी आणवला. आसपासच्या बऱ्याच लोकांना त्याचा गुण आला म्हणे, तिला नाही.

थॉमस विलिस या मोठ्या डॉक्टरनं तिला तपासलं होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाला ज्याचं नाव दिलंय तोच हा. १६७२ सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्यानं नाव न घेता तिचं दुखणं नोंदवून ठेवलं. बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू झालेल्या डोकेदुखीची इतकी तपशीलवार जुनी नोंद माझ्या वाचनात दुसरी आलेली नाही.

पण ॲन कॉनवे मला महत्त्वाची वाटते ती रोगी म्हणून नव्हे. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. तिचा भाऊ केंब्रिजला हेन्री मोर या तत्त्वज्ञाच्या हाताखाली शिकत होता. त्याच्या ओळखीनं मोर तिला पत्रांमधून शिकवायला लागले. विषय होता देकार्त. म्हणजे मन वेगळं आणि शरीर वेगळं, दोन्हींचा मूळ पदार्थच भिन्न, असं सांगणारा. ॲन शिकली आणि मग शिक्षकालाही खोडून काढायला लागली. तिच्या मृत्यूनंतर १६९० मध्ये ॲमस्टरडॅमला तिचं छोटंसं पुस्तक लॅटिनमध्ये निघालं, त्यावर तिचं नावसुद्धा नव्हतं. त्यात तिचा एक मुद्दा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा. आत्मा शरीरापासून इतका वेगळा असेल तर शरीराला इजा झाली की तो का कळवळतो? घर मोडलं म्हणून घरात राहणाऱ्याचं अंग दुखत नाही. ज्या अर्थी दुखतं, त्या अर्थी दोघे एकाच जातीचे आहेत, फरक आहे तो कमी-जास्तीचा. लायब्निझनं हे पुस्तक वाचलं होतं आणि त्याला तिच्याबद्दल आदर होता.

बाराव्या वर्षापासून डोकं धरून बसलेल्या बाईनं हे लिहावं यात मला नवल वाटत नाही. मन की शरीर हा वाद तिच्यापुरता अंधाऱ्या खोलीत निकालात निघाला असणार. दुर्दैव असं, की पुढची दोनशे-अडीचशे वर्षं वैद्यकशास्त्र देकार्तच्या वाटेनं गेलं. जे यंत्रात दिसतं ते खरं, जे दिसत नाही ते मनाचं, आणि मनाचं म्हणजे... चला, पुढे बघूच.

१८७३ साल या विषयात मोठं गमतीचं आहे. त्या एकाच वर्षी लंडनमध्ये दोन पुस्तकं निघाली. एक एडवर्ड लिव्हिंगचं, खास अर्धशिशीवरचं. त्याची कल्पना अशी, की हे मज्जासंस्थेत उठणारं वादळ आहे. वादळाची तयारी शरीरात आतून, बरेचदा वारशानं, झालेली असते. मग एखादं क्षुल्लक निमित्त पुरतं. भावनांचा क्षोभ हे त्यातलंच एक निमित्त. मला हे फार समंजस वाटलं, कारण यात निमित्त आणि मूळ यांची गल्लत नाही.

दुसरं पुस्तक विल्यम हेन्री डे यांचं, मुलांच्या आजारांवरचं. त्यात डोकेदुखीला वेगळी जागा दिलेली होती. डे यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लहान वयातली डोकेदुखी बहुतांशी मुलांच्या आयुष्याची घडी नीट बसवलेली नसल्यामुळे होते. विचार करा. १८७३ मध्ये एक डॉक्टर म्हणतोय की मुलाच्या डोक्यात बघण्याआधी त्याचा दिवस कसा जातो ते बघा. आणि ती घडी बसवणारी माणसं मोठी, हे तर ओघानंच आलं.

पुढे अकरा वर्षांनी हीच गोष्ट पार्लमेंटात गाजली. झालं असं, की इंग्लंडमध्ये १८६२ पासून प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान मिळायचं ते निकालावर. इन्स्पेक्टर येणार, मुलांची वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा घेणार, जितकी पास होतील त्या हिशेबानं पैसे. मग शाळेनं काय करावं? कच्च्या मुलांना थांबवून घोकून घ्यायचं. (ओळखीचं वाटतंय ना? :)) मुलांवर अति ताण पडतोय अशी ओरड झाल्यावर १८८४ मध्ये जेम्स क्रिक्टन-ब्राउन या डॉक्टरनं लंडनच्या शाळांमध्ये फिरून अहवाल दिला. वर्गात उभं राहून त्यानं विचारलं, कुणाकुणाचं डोकं नेहमी दुखतं? हात वर करा. सुमारे ४६ टक्के मुलांनी हात वर केले. मुलं अर्धपोटी शाळेत येतात आणि वर त्यांच्याकडून घोकून घेतलं जातं, हेही त्यानं लिहिलं.

त्याच्याबरोबर गेलेले शाळा-निरीक्षक फिच यांनी लगेच उलट अहवाल लिहिला. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की तुम्ही असा प्रश्न विचारलात तर मुलं हात वर करणारच. एकानं केला की दुसरा करतो.

मी या दोघांच्या भांडणावर बराच वेळ विचार करत बसले होते. फिच यांचा आक्षेप पद्धत म्हणून बरोबर आहे. भर वर्गात हात वर करायला सांगून कुठल्याही आजाराची गणती करू नये. शिवाय त्या ४६ टक्क्यांत अर्धशिशी किती, भुकेनं दुखणारी डोकी किती आणि चष्म्याअभावी दुखणारी किती, हे कळायला मार्ग नव्हता. पण फिच सरकारचे अधिकारी होते आणि डोकेदुखी खरी ठरली असती तर अनुदानाची सगळी पद्धतच चुकीची ठरली असती. मुलांच्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न तेव्हापासून नुसता वैद्यकाचा राहिलेला नाही. विश्वास ठेवला तर कुणाला तरी काहीतरी बदलावं लागतं. वेळापत्रक, शिकवणी, निकालाची हाव, घरातली भांडणं... न ठेवणं स्वस्तात पडतं.

विसाव्या शतकात गाडी अमेरिकेला गेली. न्यूयॉर्कमध्ये हॅरोल्ड वुल्फ नावाचे डोकेदुखीचे मोठे संशोधक होते. त्यांना स्वतःलाही अर्धशिशी होती. रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून दुखतं, हे त्यांनी १९३०च्या दशकात प्रयोग करून मांडलं आणि पुढे कित्येक वर्षं तेच पाठ्यपुस्तकांत होतं. त्याच वुल्फनी १९३७ मध्ये अर्धशिशीच्या रोग्यांच्या स्वभावावर लिहिलं. अशी माणसं महत्त्वाकांक्षी, टापटिपीची, स्वतःला आणि इतरांना चुका माफ न करणारी असतात. लहानपणी ती आज्ञाधारक, बुजरी, पण आतून हट्टी असतात, वगैरे. यातून 'मायग्रेनी स्वभाव' नावाचं प्रकरण रूढ झालं.

वुल्फना कुणाला दोष द्यायचा नव्हता, रोग्यांना मदतच करायची होती. पण दवाखान्यात येणारी माणसं पाहून स्वभाव ठरवणं म्हणजे रेल्वे स्टेशनवर उभं राहून "सगळ्या माणसांकडे बॅगा असतात" म्हणण्यासारखं आहे. त्या काळात न्यूयॉर्कच्या बड्या डॉक्टरकडे डोकेदुखीसाठी कोण जाणार? नेटकी, शिकलेली, वेळ आणि पैसा असलेली माणसंच. जी गेली नाहीत त्यांचा स्वभाव कुणी बघितला?

पण कल्पना पसरायची ती पसरलीच. दुखण्याच्या जागेवरून पडलेल्या नावात आता माणसाचा स्वभाव शिरला. मी नववीत असताना आमच्या एका शिक्षिका भर वर्गात म्हणाल्या होत्या, "चाचणी आली की हिचं डोकं उठतं." सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर मी शाळेत डोकं दुखतंय असं कधी सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन उलटी करून यायचे आणि पुढच्या तासाला बसायचे. त्याहून वाईट हे, की काही दिवसांनी मलाच वाटायला लागलं, आपण नाटक तर करत नाही ना? बाहेरून आलेला संशय त्या वयात फार लवकर आतला होतो.

असो. वुल्फना खरं उत्तर मिळालं ते स्वीडनमधून. उप्साला या विद्यापीठाच्या गावात बू बिले नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी दवाखान्यात कोण येतं याची वाट न पाहता गावातल्या ७ ते १५ वयाच्या सगळ्याच शाळकरी मुलांची, म्हणजे जवळजवळ ९,००० मुलांची माहिती गोळा केली. १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सात वर्षांच्या मुलांत अर्धशिशीचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत होतं, पंधराव्या वर्षापर्यंत ते पाच टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे ही वाढ नेमकी वयात येण्याच्या वर्षांतली. (लहानपणी मुलगे आणि मुली साधारण सारखेच असतात, पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुली पुढे जातात, हे आता सर्वत्र दिसून आलेलं आहे.)

बिलेंनी पुढे जास्त त्रास असलेली ७३ मुलं निवडली आणि त्यांच्याशी जुळणारी, पण अर्धशिशी नसलेली मुलं तुलनेला घेतली. हुशारीत फरक नव्हता. म्हणजे "हुशार मुलांचा आजार" ही घरोघरची समजूत गेली (आमच्या घराण्याला हा धक्काच आहे). मात्र अर्धशिशीवाली मुलं जरा जास्त काळजी करणारी, हळवी, लवकर खट्टू होणारी निघाली. आता हे कारण की परिणाम? महिन्यातून चार वेळा, कुठलीही सूचना न देता कुणीतरी तुमच्या डोक्यात खिळा ठोकत असेल, तर तुम्हीही जरा काळजीतच राहाल. बहुधा दोन्ही दिशांनी होत असावं. काळजीनं दुखणं वाढतं, दुखण्यानं काळजी वाढते.

बिलेंची चिकाटी अशी, की त्यांनी त्या ७३ जणांचा माग चाळीस वर्षं ठेवला. १९९७ मध्ये शेवटचा निष्कर्ष आला. पंचविशीच्या आत २३ टक्के पूर्ण मोकळे झाले, त्यात मुलगे जास्त. पण पन्नाशीच्या आसपास निम्म्याहून जास्त लोकांना अजून अर्धशिशी होतीच. "वय वाढलं की जाईल" हे आपण मुलांना किती सहज सांगतो!

शेजारच्या फिनलंडमधले आकडे तर मला रात्री झोप न येऊ देणारे वाटले. तुर्कू शहरात सिलान्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या मुलांना १९७४ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये तपासलं. कुठल्याही प्रकारची डोकेदुखी असणारी मुलं १४.४ टक्क्यांवरून ५१.५ टक्क्यांवर गेली होती. खास अर्धशिशी १.९ वरून ५.७ वर. अठरा वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. आईबाप जास्त लक्ष द्यायला लागले, शब्द माहीत झाला, हे काही अंशी खरं असेल. पण संशोधकांनी बोट दाखवलं ते मुलांच्या भोवतालाकडे, अस्थिर झालेल्या सामाजिक परिस्थितीकडे. १८७३ च्या डे यांचंच म्हणणं, आता आकड्यांसकट.

दरम्यान शरीराच्या बाजूनंही शोध थांबले नव्हते. १९४४ मध्ये लेआओ यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर हळूहळू सरकणारी एक लाट दाखवली. डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाश दिसतो त्याच्या मुळाशी हीच लाट आहे असं आता मानतात. १९९६ मध्ये अर्धशिशीच्या एका दुर्मीळ आनुवंशिक प्रकाराचं जनुक सापडलं. चेहऱ्या-डोक्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतून सुटणाऱ्या एका रेणूचा माग काढत नवी औषधं आली, आणि त्या कामासाठी चार शास्त्रज्ञांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. थोडक्यात, अर्धशिशी हा मेंदूचा खराखुरा आजार आहे याबद्दल आता वाद उरलेला नाही.

म्हणजे मनाचा पक्ष हरला का? इथेच गंमत आहे. उपचारांचा इतिहास वेगळंच सांगतो.

१९७० मध्ये अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या मेनिंगर फाउंडेशनमध्ये एल्मर ग्रीन या संशोधकांनी आपल्याकडच्या स्वामी राम यांच्यावर प्रयोग केले. स्वामींनी एकाच तळहातावरच्या दोन जागांच्या तापमानात काही अंशांचा फरक पाडून दाखवला म्हणून तो प्रसंग गाजला. त्याच काळात त्याच संस्थेत अर्धशिशीच्या रोग्यांना यंत्रावरचा आकडा बघत स्वतःचे हात गरम करायला शिकवत होते! त्याला बायोफीडबॅक म्हणतात. मुलं तर हे मोठ्यांपेक्षा पटकन शिकतात, त्यांना तो खेळ वाटतो. १९८० च्या दशकात उप्सालामध्येच बू लार्सन यांनी शाळेतच मोठ्या मुलांना अंग सैल सोडायचं शिक्षण दिलं आणि डोकेदुखी कमी झालेली दाखवली.

२०१३ मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १० ते १७ वर्षांची १३५ मुलं, महिन्यातले सरासरी एकवीस दिवस डोकं दुखणारी. सगळ्यांना तेच औषध. निम्म्यांना त्याबरोबर विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत, कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. उरलेल्यांना आजाराबद्दल माहिती देणारी सत्रं. वीस आठवड्यांनी पहिल्या गटात दुखण्याचे दिवस सरासरी ११.५ नं कमी झाले, दुसऱ्या गटात ६.८ नं.

आणि २०१७ मध्ये आणखी मोठी चाचणी. ८ ते १७ वर्षांची मुलं, तीन गट. दोन गटांना डॉक्टर सर्रास देतात ती दोन औषधं, तिसऱ्याला नुसती साखरेच्या जातीची खोटी गोळी. दुखण्याचे दिवस निम्म्यानं किंवा त्याहून कमी झालेली मुलं पहिल्या औषधावर ५२ टक्के, दुसऱ्यावर ५५ टक्के आणि खोट्या गोळीवर ६१ टक्के! चाचणी मध्येच थांबवली गेली.

हे वाचून कुणी तरी म्हणणार, "बघा, म्हणजे सगळं मनातच होतं." नाही हो. थांबा. (आणि कृपा करून हे वाचून कुणाची औषधं बंद करू नका.) त्या तिसऱ्या गटातल्या मुलांनाही काय काय मिळालं ते बघा. नेमानं भेटणारे डॉक्टर. दुखलं की लिहून ठेवायची वही. "तुला खरंच दुखतंय, आपण याचं काहीतरी करू" असं सांगणारी चार मोठी माणसं. याचा परिणाम मेंदूवर होतो, जसा गोळीचा होतो. वेदना मेंदूत तयार होते, आणि त्याच मेंदूत भीती, आशा, घर आणि शाळाही असतात. ॲन कॉनवेनं तर्कानं मांडलेली गोष्ट आता आकड्यांत दिसली, एवढंच.

एक साधी गोष्टही सांगायला हवी. बहाण्याचा संशय घेणाऱ्यांनी रविवारकडे बघावं. परीक्षा संपल्यावर, सहलीच्या दिवशी, दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ताण उतरतो तेव्हाही अर्धशिशी उठते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या काही प्रौढ रोग्यांच्या डायऱ्यांवरून हेच दिसलं होतं, की आदल्या दिवसापेक्षा ताण अचानक कमी झाला की झटका येण्याची शक्यता वाढते. अभास छोटा होता, पण ज्यांना त्रास आहे त्यांना ते आधीपासून माहीत आहे. मनासारखी सहल बुडवण्यासाठी कोण नाटक करेल?

शेवटी मला या सगळ्या वाचनातली सर्वात आवडलेली वस्तू सांगते. सिनसिनाटीच्याच मंडळींनी २००१ मध्ये मुलांसाठी सहा प्रश्नांची एक यादी केली. दुखणं दहापैकी किती, असलं काही त्यात नाही. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे शाळेचे किती दिवस बुडाले? किती दिवस अर्धवट सोडून यावं लागलं? किती दिवस शाळेत असूनही निम्म्याहून कमी लक्ष लागलं? घरचं काही करता आलं नाही असे दिवस किती? खेळ, मित्रमैत्रिणी, बाहेर जाणं किती वेळा हुकलं? किती वेळा गेलात, पण अर्ध्यापेक्षा कमी रमलात? बस. त्यात खरं-खोटं ठरवायला कुणी बसलेलं नाही. मुलाचं काय काय गेलं याची बेरीज आहे. त्यातला तिसरा प्रश्न वाचून मला माझी नववी आठवली. हजेरीपटावर मी रोज हजर होते.

भाचीला मी तो कागद मराठीत लिहून दिला. तिनं आकडे भरले आणि वहिनीला दाखवले. खेळ हुकल्याचे दिवस शाळा बुडाल्याच्या दिवसांपेक्षा जास्त होते. घरात त्यानंतर "अभ्यास झालाय का" हा प्रश्न निदान डोकं दुखत असताना कुणी विचारलेला नाही. झोपायची वेळ मात्र ठरली आहे, सकाळी उपाशी बाहेर पडायचं नाही हे ठरलं आहे, आणि शनिवारचा एक क्लास बंद झाला आहे. डे साहेबांना बरं वाटलं असतं.

मंडळी, तुमच्याकडे अर्धशिशीला काय काय करायचे ते जरूर लिहा. आमच्याकडे सुंठीचा लेप, नाकात साजूक तुपाचे थेंब आणि सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी असे तीन उपाय होते. पहिले दोन आजी स्वतः करायची. तिसऱ्याला आम्ही सगळीच, डोकं न दुखणारीसुद्धा, पहाटे पाचला उठून बसायचो.